दोन खोट्या जबान्या

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. पीट अर्ली या अमेरिकन पत्रकाराचे 'क्रेझी' हे पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले. एक संगीत नाटक, तर दुसरे एका बापाने लिहिलेला वृत्तांत. एकाची भाषा अलंकारांनी लवलेली, तर दुसऱ्याची वर्तमानपत्रात मुरलेल्या माणसाची, कोरडी आणि घाईची. सत्त्याऐंशी वर्षांच्या आणि दोन खंडांच्या अंतरावरच्या या दोन कृतींची सांगड घालणे कोणाला ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. तरीही मला त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. दोन्हींच्या गाभ्याशी एकच प्रसंग आहे : एक सत्यप्रिय माणूस, आपल्या जिवलगासाठी, अधिकारावर असलेल्या माणसापुढे समजून-उमजून खोटे बोलतो. त्या खोट्यामागची अगतिकता काय आहे, हे शोधू गेल्यास न्यायसंस्था आणि मनाचे आजार यांच्यातील एका जुन्या पेचाशी आपण येऊन पोहोचतो.

गडकऱ्यांपासून आरंभ करू. सुधाकर हा वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सहा महिन्यांसाठी सनद जाते, आणि त्या अपमानाच्या दाहावर तळीराम पहिला प्याला पुढे करतो. पुढचा उतार मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. शेवटच्या अंकात सुधाकरच्या हातून त्याचे मूल मरते, सिंधू घायाळ होते, आणि पोलीस दारात येतात. तेव्हा मरणाच्या उंबरठ्यावरची सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते.

या प्रसंगावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. कोणी सिंधूच्या पातिव्रत्यापुढे हात जोडले, तर कोणी त्याच पातिव्रत्याला या शोकांतिकेतले दुसरे व्यसन ठरवले. या दोन्ही पक्षांनी एक साधी गोष्ट विचारात घेतलेली दिसत नाही. मरणाऱ्याची जबानी कायदा विशेष विश्वासार्ह मानतो. मृत्यू समोर उभा असताना माणूस खोटे बोलणार नाही, अशी त्यामागची श्रद्धा आहे. गडकऱ्यांनी नेमक्या त्या श्रद्धेच्या ठिकाणी आपल्या सर्वांत शुद्ध पात्राला खोटे बोलायला लावले. असे का व्हावे? सिंधू खरे बोलली असती तर काय झाले असते, याचा विचार केला म्हणजे उत्तर सापडते.

त्या काळच्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ होते. बुद्धिभ्रंशामुळे आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नव्हते त्याला ते गुन्ह्यातून मुक्त करी. कलम ८५ नशेविषयीचे. नशा त्याच्या नकळत किंवा मनाविरुद्ध करवली गेली असेल तरच माफी. हीच तत्त्वे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २२ आणि २३ म्हणून कायम आहेत. सुधाकर या दोहोंपैकी एकातही बसत नाही. त्याने प्याला स्वतःच्या हाताने उचलला. सिंधूपुढे म्हणून दोनच वाटा होत्या : फाशीचा दोर किंवा तुरुंग, नाहीतर हे घर. त्याला आजारी समजून ताब्यात घेणारी तिसरी जागा तिच्या जगात नव्हती. या नाटकात न्यायसंस्था आरंभी मुन्सफाच्या रूपाने भेटते आणि अखेरीस पोलिसांच्या. मधल्या साऱ्या उतारावर सुधाकरला आपली म्हणणारी सार्वजनिक संस्था एकच, ती म्हणजे आर्यमदिरामंडळ! गडकऱ्यांचा हा विनोद जितका हसवतो त्याहून अधिक बोचतो.

आता अर्लीकडे वळू. हा पूर्वी 'वॉशिंग्टन पोस्ट'चा वार्ताहर. लेव्हनवर्थच्या तुरुंगावर त्याने एक गाजलेले पुस्तक लिहिले होते, म्हणजे तुरुंग त्याला परका नव्हता. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्याच्या मुलाचे मन बिघडले. भ्रम होऊ लागले, आणि औषध म्हणजे विष असे त्याला वाटू लागले. बाप त्याला व्हर्जिनियातल्या एका रुग्णालयात घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितले, मुलगा औषध नको म्हणतो, आणि त्याच्यापासून स्वतःला किंवा दुसऱ्याला तातडीचा धोका दिसत नाही, तेव्हा कायद्याने आम्हाला काही करता येत नाही. बाप मुलाला घेऊन परतला. दोन-एक दिवसांतच त्या मुलाने एका परक्या, रिकाम्या घराचे दार फोडून आत प्रवेश केला आणि टबात फेसाचे पाणी भरून तो आंघोळ करत बसला. पोलीस आले. त्यांच्यापैकी एकाने बापाला सुचवले, मुलाने तुम्हाला मारण्याची धमकी दिली असे रुग्णालयात सांगा, नाहीतर आम्हाला त्याला तुरुंगात न्यावे लागेल. बापाने तसे सांगितले. ते खोटे होते. मुलाला खाट मिळाली, आणि त्याच्यावर दोन गंभीर गुन्ह्यांचे आरोपही दाखल झाले.

सिंधूचे खोटे आणि या बापाचे खोटे एकमेकांच्या उलट दिशेने जाते. ती म्हणते, याने काही केले नाही. तो म्हणतो, याने जे केले नाही तेही केले. तिला माणूस कायद्याच्या हातून सोडवायचा आहे. त्याला तो कायद्याच्या हातात द्यायचा आहे, कारण औषधापर्यंत जाणारा रस्ता तेवढाच उरला आहे. पण दोघांचीही साक्ष एकाच गोष्टीविषयी आहे. घर आणि तुरुंग यांच्यामध्ये जागा नसली, म्हणजे सत्याला बोलायला जागा राहत नाही.

इथे कायद्याला दूषणे देऊन मोकळे होणे सोपे आहे. अर्लीच्या पुस्तकाच्या पूर्वार्धात तो मोह ठायी ठायी दिसतो, आणि बापाच्या दृष्टीने तो स्वाभाविकही आहे. परंतु ज्या नियमाने त्याला परत पाठवले त्याचा एक इतिहास आहे. १९५७ साली केनेथ डोनाल्डसन नावाच्या माणसाला फ्लोरिडात चॅटाहूची येथील सरकारी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. त्याला भ्रम होतात, अशी तक्रार त्याच्या वडिलांनीच केली होती. त्याच्यापासून कोणाला धोका नव्हता, उपचार म्हणावे असे काही त्याच्यावर होत नव्हते, आणि सुटकेचे त्याचे अर्ज फेटाळले जात होते. जवळजवळ पंधरा वर्षे तो आत होता. १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, धोकादायक नसलेल्या आणि स्वतःच्या किंवा आप्तेष्टांच्या बळावर बाहेर जगू शकणाऱ्या माणसाला केवळ डांबून ठेवता येणार नाही. एका बापाच्या शब्दावर एक मुलगा पंधरा वर्षे आत गेला. त्यानंतर बापाच्या शब्दाला किंमत कमी झाली, यात नवल नाही. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढल्या दशकांत ती रुग्णालये रिकामी होत गेली. त्यांच्या जागी गावोगाव उपचारकेंद्रे उभारण्याचा कायदा १९६३ साली झाला, पण केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत. स्वातंत्र्य मिळाले, निवारा मिळाला नाही. अशा माणसांना अखेर ज्या इमारतीने आत घेतले, तिला नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता. ती इमारत म्हणजे तुरुंग.

पुस्तकात अर्ली मायामीच्या तुरुंगाच्या नवव्या मजल्यावर जातो. तिथे मनोरुग्ण कैदी ठेवलेले असत. या भागाचे वर्णन मी करणार नाही. ते वाचावे, आणि बंद केल्यावर काही वेळ गप्प बसावे. मात्र त्यातला एक व्यवहार सांगितलाच पाहिजे. आरोपीला खटला समजत नसेल तर खटला चालवता येत नाही. म्हणून त्याला राज्याच्या रुग्णालयात पाठवतात. तिथे औषधाने तो थोडा सावरतो, न्यायाधीश कोण आणि वकील कोण एवढे सांगू लागतो. लगेच त्याला तुरुंगात परत आणतात. खटल्याची तारीख येईपर्यंत तो पुन्हा ढासळतो, आणि पुन्हा रुग्णालयात जातो. इथे औषध दिले जाते ते माणूस बरा व्हावा म्हणून नव्हे, तर आरोपी उभा राहावा म्हणून. या चक्राचे चित्रण हा या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे माझे मत आहे. २००७ साली पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ते आले, ते योग्यच झाले.

तरीही कलाकृती म्हणून तोलायचे झाले तर पारडे गडकऱ्यांकडे झुकते, आणि त्याचे कारण भाषावैभव हे नाही. अर्लीच्या पुस्तकात सारे बोलतात : बाप, वकील, डॉक्टर, न्यायाधीश, इतर रुग्णांच्या आया. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो मुलगा मात्र बहुतेक वेळ बापाच्या डोळ्यांतूनच दिसतो. त्याला आतून काय दिसत होते, ते परके घर त्याला कोणाचे वाटले, त्या पाण्यात त्याला कसली शुद्धी हवी होती, हे आपल्याला कळत नाही. गडकऱ्यांनी सुधाकरला वाणी दिली. आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि खालची पायरी कोणती, हे तो रामलालला स्वतः समजावून सांगतो. बुडणारा माणूस पाण्याची खोली मोजून दाखवतो. रामलाल हा पुढे डॉक्टर होतो, पण या ज्ञानाचे काय करायचे हे त्या डॉक्टरलाही उमगत नाही. तो बोध करतो. १९१९ च्या मराठी समाजाकडे बोधाखेरीज दुसरे औषध नव्हते, आणि नाटककाराने ते प्रामाणिकपणे तसेच ठेवले. भगीरथ मात्र याच नाटकात दारूतून बाहेर येतो. त्याला रामलाल भेटतो, काम मिळते, कोणाला तरी आपली गरज आहे हे कळते. सुधाकर कोसळला आणि भगीरथ तरला याचे श्रेय स्वभावाला देण्याची आपल्या समीक्षेची सवय आहे. मला त्यात वेळेचा वाटा मोठा दिसतो. भगीरथाकडे मदत पोहोचली तेव्हा त्याच्या हातून रक्त सांडलेले नव्हते.

या वेळेच्या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस अर्लीला मायामीत भेटला. त्याचे नाव स्टीव्हन लाइफमन. हा किरकोळ गुन्ह्यांचा न्यायाधीश. त्याच्यापुढे एकदा एक आरोपी आला. हार्वर्डमध्ये शिकलेला, एके काळचा मनोविकारतज्ज्ञ, आता स्वतःच छिन्नमनस्कतेने ग्रासलेला. आईवडिलांनी न्यायाधीशाची विनवणी केली, याला उपचार द्या. लाइफमनला आढळले की आपल्या अधिकारात त्याला सोडून देण्यापलीकडे काहीच नाही. २००० साली त्याने जी योजना उभी केली, तिच्या मुळाशी हा प्रसंग आहे. अशा योजनांना अमेरिकेत 'डायव्हर्जन' म्हणतात. रेल्वेचा सांधेवाला गाडी स्थानकात शिरण्याआधी सांधा बदलतो, तसे हे काम. खटल्याच्या रुळावरून माणसाला उपचाराच्या रुळावर घ्यायचे, आणि तेही शिक्षेनंतर नव्हे, आधी. पहिला सांधा पोलिसापाशी. मेंफिस शहरात एका मनोरुग्णाचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यावर १९८८ साली पोलिसांना या कामाचे वेगळे शिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. मायामीने ती उचलली. दुसरा सांधा न्यायालयात. फ्लोरिडातल्याच ब्रोवर्ड परगण्यात १९९७ साली मनोरुग्ण आरोपींसाठी स्वतंत्र न्यायालय निघाले होते. मायामीत पुढे कैद्यांची संख्या इतकी घटली की एक तुरुंग बंद करता आला.

कॅलिफोर्नियाने २०१८ साली याचा कायदाच केला, आणि त्यातले एक कलम माझ्या दृष्टीने या लेखाचे मर्म आहे. मनाचा आजार गुन्ह्याच्या मुळाशी असेल, आरोपी उपचारास राजी असेल, आणि त्याच्यापासून समाजाला गंभीर धोका नसेल, तर न्यायाधीश खटला थांबवू शकतो. गंभीर गुन्ह्यात जास्तीत जास्त दोन वर्षे, किरकोळ गुन्ह्यात एक. उपचार समाधानकारक पार पडले तर आरोप काढून टाकले जातात, आणि त्याची अटक कधी झालीच नव्हती असे मानले जाते. कोणी विचारले, तुला अटक झाली होती का, तर काही अपवाद सोडून, नाही म्हणण्याची त्याला मुभा आहे.

म्हणजे ही तिसरी खोटी जबानी. ती कायदा स्वतः देतो! सिंधू म्हणाली ते, याने काही केले नाही, हेच कायदा म्हणतो. फरक इतकाच की तो उघड न्यायालयात म्हणतो, उपचाराची अट पाळली गेल्यावर म्हणतो, आणि दुखावलेल्या माणसाची नुकसानभरपाई ठरवण्याचा अधिकार हातात ठेवून म्हणतो. बायकोने किंवा बापाने एकट्याच्या जिवावर जे असत्य पेलायचे ते शासनाने आपल्या खांद्यावर घेतले. सुसंस्कृत कायद्याची याहून चांगली व्याख्या मला सुचत नाही. घरच्या माणसांना खोटे बोलावे लागू नये, इतपत त्याने उदार असावे.

अर्थात या औदार्याला मर्यादा आहेत. पहिली, मारले गेलेले मूल. सिंधूच्या जबानीत त्या मुलाच्या बाजूने कोणी बोलत नाही, आणि नाटक पाहताना आपणही त्याला लवकर विसरतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने खुनासारखे गुन्हे या सवलतीतून वगळले आहेत. पाचव्या अंकातल्या सुधाकरला हे दार बंद आहे, आणि ते बंद असावे, असे मलाही वाटते. सांधा बदलायचा तो गाडी आदळण्यापूर्वी. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. उपचार घे, नाहीतर तुरुंगात जा, असे म्हटल्यावर मिळणारी संमती कितपत खरी? आणि जिथे बेडी घातल्यावरच रुग्णालयाची खाट मिळते, तिथे गरिबाला आजारी पडण्यासाठी आधी गुन्हेगार व्हावे लागते. न्यायालय हे उपचाराचे दार व्हावे, यापेक्षा त्याची गरजच पडू नये, हे अधिक बरे. लाइफमनसारखा न्यायाधीश करुणेने काम करतो, पण करुणा न्यायाधीशाच्या अंगी असणे आणि ती व्यवस्थेत असणे, यांत फार अंतर आहे.

आपल्याकडची स्थिती पाहिली म्हणजे हे अंतर स्पष्ट होते. १९८२ साली वीणा सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हजारीबागच्या तुरुंगातले असे कैदी आले की जे वेडे म्हणून आत ठेवले गेले, बरे झाल्यावरही सुटले नाहीत, आणि ज्यांच्यापैकी काहींची वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच गेली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी लावून धरलेल्या खटल्यात १९९३ साली न्यायालयाने सांगितले की, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. हे सांगण्याची वेळ स्वातंत्र्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी यावी, यातच सारे आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांवर स्पष्ट कर्तव्य टाकले. भरकटलेला मनोरुग्ण आढळला तर त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही. हा आपला पहिला सांधा. कागदावर तो उत्तम आहे.

दुसरा सांधाही आपल्याकडे आहे, आणि सुधाकरच्या संदर्भात तो विलक्षण आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा किंवा सेवन करणारा व्यसनी आपणहून उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण काढून घेता येते. म्हणजे गर्द ओढणाऱ्यासाठी वळणाची वाट आहे. दारूच्या पायी मनाचा तोल गेलेल्या माणसाला २०१७ चा कायदा मनोरुग्ण म्हणतो, कारण मद्य आणि मादक पदार्थ यांच्या सेवनाशी जडलेल्या मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येतात. पण त्याने नशेत घरात हात उगारला, तर त्याला आजारी मानून वेळीच वळवणारे, आणि त्याच वेळी त्याच्या बायकामुलांना सुरक्षित ठेवणारे कलम मला फौजदारी कायद्यात दिसत नाही. एक कायदा त्याला रुग्ण म्हणतो, तर दुसरा केवळ आरोपी. या दोन पुस्तकांच्या पुठ्ठ्यांमध्ये जी फट आहे, तिच्यात आजही सिंधू उभी आहे.

म्हणूनच 'एकच प्याला' हे दारूबंदीचे नाटक म्हणून जुने झाले असले, तरी जबानीचे नाटक म्हणून जुने झालेले नाही. त्याच्या नव्या प्रयोगांत शेवटचा अंक पाहताना प्रेक्षक सिंधूच्या त्यागासाठी डोळे पुसतात. दिग्दर्शकाने एखादे वेळी दारात उभ्या असलेल्या पोलिसाकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधून पाहावे. तो दुष्ट नाही. समोरची बाई खोटे बोलते आहे, हे त्यालाही बहुधा कळते आहे. ती जबानी लिहून घेताना त्याचा हात क्षणभर थांबला, तर गडकऱ्यांच्या संहितेतला एक शब्दही न बदलता ते नाटक आपल्या काळाशी बोलू लागेल. अर्लीच्या पुस्तकातला पोलीस असाच थांबला होता, आणि मग त्याने बापाला काय बोलायचे ते सांगितले. खोटे ऐकून घेण्यापेक्षा अधिक काही करण्याचा अधिकार त्या दोघांपैकी कोणालाच कोणी दिलेला नव्हता.